रोग्याला सांगू नये म्हणतात!

आपल्याकडे वैद्यकीच्या धंद्यात एक अलिखित नियम फार दिवसांपासून चालत आला आहे. तो कोणत्या ग्रंथात छापलेला नाही, पण खेड्यातल्या दवाखान्यापासून शहरातल्या मोठ्या इस्पितळापर्यंत सगळीकडे सारख्याच निष्ठेने पाळला जातो. नियम असा : रोग्याला फार सांगू नये. गोळी द्यावी, दिवसातून किती वेळा घ्यायची ते सांगावे, 'तेलकट, आंबट वर्ज्य करा' म्हणावे आणि पुढच्याला हाक मारावी. गोळीने काय बरे होईल ते सांगितले तर सांगितले. गोळीने काय बिघडू शकेल ते मात्र चुकूनही ओठांबाहेर काढू नये. का? तर रोगी घाबरतो. घाबरला की औषध सोडतो. औषध सोडले की हातचा जातो. तेव्हा त्याच्याच कल्याणासाठी त्याला अंधारात ठेवायचे!

अंधारात ठेवायचे, हे शब्द मी जपून वापरते आहे. कारण ज्या औषधाविषयी मला लिहायचे आहे, त्याने काही थोड्या रोग्यांची दृष्टी जाते; आणि वेळेवर चार शब्द सांगितले असते तर यांतल्या पुष्कळांची ती वाचली असती.

दिवाळीच्या अंकात, चकल्या-करंज्यांच्या ताटाशेजारी, क्षयाचे नाव कशाला काढले, असे काही वाचकांना वाटेल. पण क्षय सणाला रजा घेत नाही. जगातल्या दर चार क्षयरोग्यांपैकी एक आपल्या देशात आहे. २०२३ साली आणि पुन्हा २०२४ साली, वर्षाला २५ लाखांहून अधिक रोग्यांची नोंद सरकारदप्तरी झाली. म्हणजे हा अंक ज्या घरांत आज हातोहात फिरत असेल, त्यांतल्या कित्येक घरांत फडताळाच्या वरच्या कप्प्यात गोळ्यांची ती पाकिटे असणार. आणि फराळाला आलेल्या पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून ती डब्यांच्या मागे सारलेली असणार. त्या घरांसाठी हा लेख आहे.

मी डॉक्टर नाही. शाळेत मुले शिकवते आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. पण ज्या गोष्टी वैद्यकाच्या पुस्तकांत साठ वर्षांपासून छापलेल्या आहेत, त्या वाचायला डॉक्टर असावे लागत नाही. आणि त्या रोग्याला का सांगत नाहीत, हे विचारायला तर मुळीच लागत नाही.

क्षयावर आज जे औषध देतात, ते एक औषध नव्हे, चार आहेत : आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पहिले दोन महिने चारही आणि पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन, असा हा सहा महिन्यांचा साधारण क्रम. सरकारी योजनेत ही सारी औषधे एकाच गोळीत एकवटलेली असतात आणि रोज किती गोळ्या घ्यायच्या ते रोग्याच्या वजनावरून ठरते. यांपैकी इथॅम्ब्युटॉल हे १९६१ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत सापडले. औषध गुणी आहे. क्षयाचे जंतू मोठे चिवट. एका औषधाला सरावले की त्याला दाद देईनासे होतात. तसे होऊ नये म्हणून इथॅम्ब्युटॉल इतर औषधांची पाठराखण करते. त्याच्यावर बंदी घाला, असे मी म्हणत नाही, कोणी म्हणू लागले तर त्याच्याशी भांडेन.

पण या गुणी औषधाला एक खोड आहे. थोड्या रोग्यांमध्ये ते डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूला इजा करते. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, चिकटत नाही. दोन्ही डोळ्यांना हळूहळू अंधुक दिसू लागते. ज्याच्याकडे पाहावे त्याच्या नेमक्या मध्यावर धुरकट डाग येतो. आणि पुष्कळदा त्याच्याही आधी रंग फिके पडतात. लाल आणि हिरवा यांतला भेद पुसट होतो. हे बहुधा औषध सुरू करून दोन महिने उलटल्यावर घडते. मात्रा जितकी अधिक तितका धोका अधिक. हे औषध मूत्रपिंडांवाटे शरीराबाहेर पडते; त्यामुळे ज्यांची मूत्रपिंडे दुबळी, त्यांना तो आणखी अधिक. वेळीच ओळखून इथॅम्ब्युटॉल थांबवले तर पुष्कळांची दृष्टी काही आठवड्यांत वा महिन्यांत सुधारते. उशीर झाला तर गेलेली परत येईलच, याची हमी कोणी देत नाही.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. २०१७ सालापर्यंत आपल्या सरकारी योजनेत गोळ्या आठवड्यातून तीनदा देत, आणि नव्या रोग्याला इथॅम्ब्युटॉल पहिले दोनच महिने असे. २०१७ साली रोजच्या गोळ्यांची पद्धत देशभर आली आणि इथॅम्ब्युटॉल सहाही महिने चालू ठेवण्याचे ठरले. पुष्कळ रोग्यांचे जंतू आयसोनियाझिडला दाद देत नाहीत, म्हणून हा निर्णय झाला. तो शहाणपणाचाच होता. पण जो धोका दोन महिन्यांनंतर डोके वर काढतो, त्याच्या तोंडावरच पूर्वी हे औषध थांबत असे. आता ते पुढे चार महिने चालते. औषधाची मुदत वाढली, तशी सावधगिरीच्या शब्दांची संख्याही वाढायला नको होती का? ती कित्येक ठिकाणी होती तिथेच आहे. म्हणजे शून्यावर.

माझ्या शेजारच्या गल्लीत एक शिंपी राहतात. तीस वर्षे सुईदोरा हातात. औषध सुरू होऊन चौथा महिना लागला होता. एका बाईच्या हिरव्या पोलक्याला त्यांनी तपकिरी दोऱ्याने टीप मारली. बाई संतापल्या, त्यांनी माफी मागून टीप उसवली. पुढच्या आठवड्यात तसेच पुन्हा झाले. घरचे म्हणाले, चाळिशी लागली. मग बाजारात फुटपाथवर चष्मे मांडून बसतात त्यांच्याकडून एक चष्मा आला. त्याने काही फरक पडेना, तेव्हा म्हणाले, अशक्तपणा आहे, गाजरे खा. मग म्हणाले, उष्णता झाली; डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवा. या सगळ्यात पाच आठवडे गेले. दर महिन्याला ते गोळ्या आणायला जात होते. तिथे वजन होई, गोळ्या मोजून मिळत, वहीत सही होई. 'रंग नीट दिसतात का?' हे चार शब्द कोणी विचारले नाहीत, आणि हे सांगण्याजोगे आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, 'कोणत्या गोळ्या चालू आहेत?' आज त्यांचा क्षय बरा आहे. नजर अर्धीमुर्धी परत आली आहे. दोरा आता त्यांची मुलगी निवडून देते.

त्या माणसाचा काय दोष होता? आणि गोळ्या देणाऱ्या त्या कर्मचाऱ्याला तरी काय म्हणावे? त्यालाही कोणी विचारायला शिकवले नव्हते. दोष त्या नियमाचा : रोग्याला फार सांगू नये!

हा नियम इतर औषधांच्या बाबतीत नुसता उद्धट असेल. या औषधाच्या बाबतीत तो शुद्ध मूर्खपणाचा आहे. का, ते पाहा. काविळीचा त्रास असेल तर डॉक्टरांना डोळे पिवळे दिसतात. रक्त तपासून यकृताची खबर मिळते. पण इथॅम्ब्युटॉलची इजा पुष्कळदा बुबुळाच्या मागे, मज्जातंतूत असते. सुरुवातीला डॉक्टरांनी बॅटरी लावून डोळ्याचा पडदा पाहिला तर तो निर्दोष दिसतो. रक्तात ती सापडत नाही. छातीच्या फोटोत ती दिसत नाही. ती प्रथम कळते ती फक्त एकाच माणसाला : ज्याचा डोळा आहे त्याला. रंगांचे तक्ते दाखवले तरी आकडा वाचून सांगायचा तो रोग्यानेच. म्हणजे या घरावर पहारा करू शकेल असा एकच पहारेकरी आहे. आणि आपण त्यालाच चोराचे वर्णन सांगायचे नाही असे ठरवले आहे!

पूर्वी क्षयाच्या रोग्याला आरोग्यधामात ठेवीत. तिथे परिचारिका असत, डॉक्टरांची रोज फेरी असे. १९५६ साली मद्रास येथे क्षयोपचाराचे संशोधन केंद्र निघाले. घरी राहून औषध घेणारा गरीब रोगीही आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो, हे त्या केंद्राने १९५९ साली जगाला दाखवून दिले. ही आपल्या देशाने जगाला दिलेली मोठी देणगी आहे. पण तिचा अर्थ नीट समजून घ्या. त्या दिवसापासून रोग्याचे घर हेच इस्पितळ झाले, आणि परिचारिकेची जागा रोग्याने, त्याच्या बायकोने, त्याच्या आईने घेतली. परिचारिकेला कोणत्या लक्षणावर नजर ठेवायची ते सांगतात ना? मग या माउलीला का सांगत नाहीत?

'सांगितले तर घाबरून औषध सोडतील.' ही त्यांची पहिली ढाल. ती किती फुटकी आहे पाहा. याच गोळीतल्या रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते. ही गोष्ट मात्र बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी आवर्जून सांगतात. का सांगतात? न सांगितले तर रोगी रक्त पडते आहे असे समजून घाबरेल आणि औषध सोडेल म्हणून! म्हणजे सांगितल्याने भीती जाते आणि औषध टिकते, हे यांना पक्के ठाऊक आहे. जे निरुपद्रवी ते सांगतात. ज्याने डोळा जाईल ते गिळतात. मग प्रश्न रोग्याच्या भित्रेपणाचा उरत नाही. निरुपद्रवी गोष्ट सांगताना आपल्यावर काही जबाबदारी येत नाही. धोक्याची गोष्ट सांगितली की पुढे विचारपूस करावी लागते, तपासणी करावी लागते. भितो तो रोगी नव्हे!

'फार थोड्यांना होते हो!' ही दुसरी ढाल. थोड्यांनाच होते, हे खरे. नेहमीच्या मात्रेत शंभरांत एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, असे पुस्तके सांगतात. आपण आणखी हात आखडता घेऊ आणि हजारांत पाच धरू. आता पाचवीतल्या मुलाकडून गणित करून घ्या : २५ लाखांना हे औषध दिले तर हजारी पाचप्रमाणे १२,५०० माणसे. एका तालुक्याच्या गावाइतकी! हा माझा हिशेब आहे, सरकारी आकडा नव्हे. पण 'थोडे' हा शब्द आपल्या देशात जपून वापरावा, एवढे त्यावरून कळायला हरकत नाही.

'वेळ कुठे आहे?' ही तिसरी ढाल. गर्दी असते, हे मला मान्य आहे. साठ मुलांचा वर्ग मीही सांभाळते. पण सांगायचे आहे तरी किती? 'या गोळीने क्वचित नजर मंदावते. रंग फिके वाटले, वाचताना मध्ये डाग आला, तर त्याच दिवशी या. आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका. त्यातले एक औषध बदलता येते.' संपले. 'तेलकट, आंबट वर्ज्य' सांगायला याहून फार कमी वेळ लागत नाही.

'रोगी अडाणी असतात, त्यांना काय कळणार?' ही शेवटची आणि सगळ्यांत हलकी ढाल. टोपलीतली पिकली मिरची अंधुक उजेडात वेचून काढणाऱ्या बाईला लाल-हिरवे कळत नाही? जोंधळ्याच्या पानाचा रंग पाहून पाण्याची पाळी ठरवणाऱ्या शेतकऱ्याला रंग कळत नाहीत? अक्षरओळख नसेल, पण ज्यांचे पोट डोळ्यांवर चालते, त्यांना डोळ्याची बातमी इस्पितळाच्या आधी कळते. विचारायचा मात्र अवकाश.

रोग्याचे ऐकले नाही म्हणजे काय होते, हे जपानने भोगून पाहिले आहे. तिथे १९५५ च्या सुमारापासून एक विचित्र रोग पसरू लागला. पाय बधिर होत, चालणे खुंटे आणि कित्येकांची दृष्टी जाई. दहा हजारांहून अधिक लोक त्यात सापडले. हा संसर्गाचा रोग असावा अशी आवई उठली. शेजारीपाजारी रोग्यांच्या घरचे पाणी पिईनात. काहींनी त्या दुःखात जीव दिला. शेवटी काही रोग्यांच्या जिभेवर आणि लघवीत आढळलेल्या हिरव्या रंगाचा माग काढला, तेव्हा १९७० साली उलगडा झाला : पोटाच्या तक्रारीवर सर्रास देत असलेल्या क्लिओक्विनॉल नावाच्या औषधाचा तो प्रताप होता. त्या वर्षीच्या सप्टेंबरात औषधाची विक्री थांबवली आणि रोगाची साथ ओसरली. पंधरा वर्षे गोळी समोर होती, आणि संशय मात्र शेजाऱ्याच्या श्वासावर!

याच्या उलट, इंग्लंडात विल्यम विदरिंग नावाच्या डॉक्टरने १७८५ साली डिजिटॅलिस या हृदयाच्या औषधावर पुस्तक लिहिले. त्या औषधाची मात्रा अधिक झाली की रोग्याला वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसतात, हे त्यात त्याने मोकळेपणाने नोंदवले. त्याच्यापाशी कोणते यंत्र होते? रोगी जे सांगत होता ते त्याने ऐकले, एवढेच. अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जे साधले, ते आपल्याला साधू नये?

आणि हा प्रश्न एकट्या क्षयाच्या गोळीचा नाही. संधिवातावर वर्षानुवर्षे दिले जाणारे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन डोळ्याच्या पडद्याला इजा करू शकते, आणि ती भरून निघत नाही. म्हणून सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळे तपासावे, असे तज्ज्ञ सांगतात. खाजणाऱ्या डोळ्यांसाठी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी दोन दिवसांत बरे वाटते; तेच थेंब महिनोन्महिने घातले तर डोळ्यातला दाब न दुखता वाढतो, काचबिंदू होतो, मोतीबिंदू होतो. शाळेत फळ्यावरचे दिसेनासे झालेले मूल 'अभ्यासात लक्ष नाही' म्हणून बोलणी खाते, आणि घरी बाटली चालूच असते. सगळीकडे कथा तीच : बाटलीवर किंमत ठळक, इशारा मुंगीच्या अक्षरात, आणि तोही इंग्रजीत.

आता थोडे आपल्या घरातल्यांकडेही वळते. डॉक्टर सांगत नाहीत म्हणून आपण त्यांना नावे ठेवतो. पण रोगी सांगतो तेव्हा आपण तरी ऐकतो का? घरात कोणी 'मला जरा अंधुक दिसते' म्हटले की आपल्याकडे उत्तरे तयार असतात : चाळिशी, अशक्तपणा, उष्णता, मोबाइल! सून म्हणाली तर 'कामाचा कंटाळा'. म्हातारी म्हणाली तर 'वयच झाले'. त्यातून क्षय म्हणजे लपवायचा रोग. मुलीच्या लग्नात आडवा येईल म्हणून गोळ्यांचे नाव शेजारच्या डॉक्टरांनाही सांगायचे नाही. चष्मा करायला जाताना 'कोणत्या गोळ्या चालू आहेत?' असे विचारले तर 'काही नाही' म्हणायचे. हे लपवणे आणि डॉक्टरांचे न सांगणे, या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. आणि ते नाणे रोग्याच्या डोळ्यांनी फेडावे लागते.

म्हणून माझी मागणी तीन गोष्टींची आहे, आणि तिन्हींना मिळून फार खर्च नाही. पहिली : औषध सुरू करण्यापूर्वी रोग्याची नजर आणि रंगांची पारख एकदा तपासून कार्डावर नोंदवावी, म्हणजे पुढे घट झाली तर कळेल. जपानचे डॉक्टर शिनोबु इशिहारा यांनी १९१७ साली रंगीत ठिपक्यांचे तक्ते छापले. शंभर वर्षांहून जुनी ही युक्ती एका पातळ पुस्तकात मावते. दुसरी : दर महिन्याला वजन करतात, तेव्हाच 'वाचताना, रंग ओळखताना काही फरक?' हे विचारावे आणि उत्तर लिहावे. ज्यांना मधुमेह आहे, मूत्रपिंडाचा विकार आहे, वय झाले आहे, त्यांना दोनदा विचारावे; लहान मुलांना सांगता येत नाही, म्हणून त्यांच्या आईबापांना विचारावे. तिसरी : गोळ्यांच्या पाकिटावर मराठीत, जाड अक्षरांत एक ओळ छापावी : 'रंग फिके किंवा नजर अंधुक वाटल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.'

ही ओळ सरकार छापील तेव्हा छापील. तोवर घरच्यांनी एवढे करावे. दर रविवारी रोग्याला चष्मा असेल तर चष्म्यासकट भिंतीवरच्या कॅलेंडरापुढे एकाच ठरलेल्या अंतरावर उभे करावे. एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने तारखा वाचायला लावाव्या, मग दुसरा झाकून. सुट्टीची लाल तारीख पूर्वीइतकीच लाल दिसते का, की विटकरी वाटते, हे विचारावे. काही फरक वाटला तर वाट पाहू नये, चष्मेवाल्याकडे जाऊ नये, गोळ्यांचे पाकीट हातात घेऊन तडक डॉक्टरांकडे जावे. आणि पुन्हा सांगते : आपल्या मनाने गोळ्या सोडू नयेत. चार औषधे एका गोळीत बांधलेली असल्याने त्यांतले एक काढून उरलेली वेगळी देणे हे डॉक्टरांचे काम आहे. आपण गोळी फेकली तर डोळ्यांबरोबर जीवही धोक्यात घालू.

यंदा दारात रांगोळी घालताना घरातल्या त्या माणसालाही रंग भरायला बोलवा. त्याने हिरव्याच्या जागी लाल भरला तर हसू नका, रागावू नका. दुसऱ्या दिवशी पाडवा असो की भाऊबीज असो, त्याला घेऊन इस्पितळाची पायरी चढा, आणि तिथे कोणी म्हणाले की 'तुम्हाला हे कोणी सांगितले?', तर खुशाल सांगा, की तुम्ही सांगायला हवे होते ते आम्ही दिवाळी अंकात वाचले.